हाशिमोटो असताना थायरॉईडला गाठ निघाली : कॅन्सरची भीती किती धरायची?

मोगरा ठाणेकर
नमस्कार मंडळी. माझी थोरली बहीण नेरुळला असते, वय ४७. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर तिला थायरॉईड निघालं, तेव्हापासून गोळी चालू आहे. अँटी टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी) हजाराच्या वर, म्हणजे हाशिमोटो, शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उठतं तो ऑटोइम्यून आजार. आता मान दुखत होती म्हणून सोनोग्राफी केली, तर रिपोर्टात हे आलं : उजव्या लोबमध्ये ११ मिमीची सॉलिड, हायपोएकोइक (काळपट दिसणारी) गाठ, कडा गुळगुळीत, कॅल्सिफिकेशन नाही, टायरॅड्स (गाठीच्या संशयाची पायरी) ४. बाकीची ग्रंथी हेटरोजिनस, थायरॉयडायटिससारखी, म्हणजे एकसारखी नाही, सुजलेली.

वाशीचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणाले, वर्षाने परत सोनोग्राफी करू, आत्ता काही नको. ठाण्यातले सर्जन म्हणाले, आत्ताच सुई घालून पेशी तपासू. आणि जिजाजींचे एक चुलतभाऊ आहेत, त्यांनी घरी येऊन सांगितलं की हाशिमोटोचा शेवटी कॅन्सरच होतो, वेळेत अख्खी ग्रंथी काढून मोकळे व्हा. ते डॉक्टर नाहीत, पण बोलतात असे की समोरच्याला धीरच उरत नाही. ताई तेव्हापासून झोपलेली नाही.

हाशिमोटोचा आणि कॅन्सरचा खरंच संबंध आहे का? आणि दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा कुणाचं ऐकायचं? अनुभव असलेल्यांनी लिहा. घाबरवू नका, पण गोडगोडही बोलू नका.

घोडबंदरी
माझ्या जावेला अशीच गाठ होती, सुई झाली, काही निघालं नाही. ताईंना सांगा आधी झोपा म्हणावं.

टीकाराम
सर्जन कापायलाच सांगणार, त्यात नवल काय. थायरॉईड हा आता धंदा झालाय. आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर एक तरी बाई ती गोळी घेते. पूर्वी होतं का असं?

पामबीच
टीकाराम, सर्जन कापायला सांगत नाहीयेत, सुई घालायला सांगताहेत. पोस्ट नीट वाचा. आणि प्रत्येक मजल्यावर गोळी यात अतिशयोक्ती फारशी नाही. भारतातल्या मुंबईसह आठ शहरांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, त्यात जवळजवळ ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉईड होतं आणि सुमारे २२ टक्के लोकांत अँटी टीपीओ पॉझिटिव्ह. पाचातल्या एकाच्या रक्तात ही अँटीबॉडी आहे. हाशिमोटोचा शेवटी कॅन्सरच होत असता तर खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये उभं राहायला जागा उरली नसती.

काचपट्टी
मोगरा, मी पॅथॉलॉजीत सायटॉलॉजी, म्हणजे सुईतून आलेल्या पेशी, बघत आयुष्य काढलं, आता नौपाड्यात निवृत्त आहे. तुमच्या ताईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांनी काय करावं ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण दोन डॉक्टर दोन बोलले म्हणून त्यातला एक चुकला असं समजू नका. आधी ते भांडण मिटवू.

गाठीला सुई कधी घालायची याचे जगात एकाहून जास्त नियम आहेत. अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेचं टायरॅड्स २०१७ मध्ये आलं. त्यात गाठीच्या प्रत्येक लक्षणाला गुण असतात. ताईंची गाठ सॉलिड, तिचे २. आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट, त्याचे २. कडा गुळगुळीत, शून्य. कॅल्शियमचे ठिपके नाहीत, शून्य. बेरीज ४, म्हणजे टायरॅड्स ४. या पायरीवर १५ मिमीपासून पुढे सुई घाला आणि १० मिमीपासून पुढे नजर ठेवा, असं तो नियम म्हणतो. वाशीच्या डॉक्टरांनी हेच सांगितलंय.

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं वेगळी. सॉलिड, काळपट, गुळगुळीत कडांची गाठ तिथे मध्यम संशयाची धरतात आणि १० मिमीपासूनच सुई घालायला सांगतात. ठाण्याचे सर्जन यावर चालताहेत. ११ मिमीची गाठ या दोन नियमांच्या फटीत पडते, म्हणून हा घोळ. दोघेही नियमाला धरून आहेत.

संशय वाढवणारी लक्षणं निराळी असतात : गाठ रुंदीपेक्षा उंच असणं, कडा दातेरी असणं, पांढरे बारीक ठिपके, गाठ ग्रंथीबाहेर घुसलेली दिसणं, बाजूला वेगळ्या वाटणाऱ्या लिम्फच्या गाठी. यातलं ताईंच्या रिपोर्टात एकही नाही. आणि अशा गाठीसाठी अख्खी ग्रंथी काढा असं या दोन्ही नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. चुलतभाऊंना चहा पाजा आणि वाटेला लावा.

मोगरा ठाणेकर
मावशी, मावशी म्हटलं तर चालेल ना? हे इतकं सरळ कुणी सांगितलंच नव्हतं. पण मी रात्री शोधत बसले तर हाशिमोटो आणि पॅपिलरी कॅन्सर (थायरॉईडचा सगळ्यात नेहमीचा कॅन्सर) एकत्र सापडतात असे ढीगभर लेख दिसले. एकात २७ टक्के वाचलं आणि मोबाईल बंद केला.

काचपट्टी
मावशी चालेल. आता त्या २७ टक्क्यांची गंमत ऐका, कारण अख्खा गोंधळ तिथेच आहे.

हाकारू हाशिमोटो हे जपानच्या फुकुओकाचे तरुण सर्जन. त्यांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघून वर्णन लिहिलं, तेही जर्मनमध्ये. ग्रंथीत लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ठासून भरलेले. ते का भरतात, हे पुढची चव्वेचाळीस वर्षं कळलं नाही. १९५६ मध्ये लंडनच्या रॉइट, डोनियाक वगैरे मंडळींनी अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या डेली आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या ग्रंथी बघून म्हटलं होतं की हाशिमोटो असलेल्यांत कॅन्सर जास्त दिसतो. तेव्हापासून हा वाद चालू आहे.

२०१३ मध्ये यान्कोविच आणि इतरांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले आणि त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगात ऑपरेशन होऊन ग्रंथी काढलेले रुग्ण. त्यात हाशिमोटो असलेल्यांपैकी सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांत पॅपिलरी कॅन्सर निघाला. तुमचा आकडा बहुधा तिथलाच. दुसऱ्या ढिगात फक्त सुईची तपासणी झालेले लोक. तिथे सरासरी १.२ टक्के. आणि हाशिमोटो नसलेल्यांपेक्षा जास्तही नाही.

एकच आजार, मग एवढी तफावत कशी? ऑपरेशन कुणाचं होतं ते बघा. ज्याच्या गाठीचा आधीच संशय आहे, किंवा ज्याची गाठ मोठी होऊन गळा दाबतेय, त्याचं. हाशिमोटोवाले बहुतेक लोक जन्मभर गोळी घेतात आणि ऑपरेशनच्या टेबलाच्या वाऱ्यालाही जात नाहीत. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून माणसं मोजली तर ठाण्यात सगळे लोकलनेच प्रवास करतात असं वाटेल, तसं आहे हे. शिवाय कॅन्सरच्या गाठीच्या कडेला शरीर स्वतःच लिम्फोसाइट पाठवतं. काढलेल्या ग्रंथीत ते दिसले की कुणी हाशिमोटो लिहितो, कुणी नुसतं लिम्फोसायटिक थायरॉयडायटिस. दोन्ही एका रकान्यात गेले की संबंध आणखी घट्ट दिसतो.

सुईच्या ढिगालाही खोट आहेच, ते लपवत नाही. सुई एका गाठीत जाते. ग्रंथीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला ३ मिमीचा कॅन्सर तिला दिसत नाही, कापलेल्या ग्रंथीत दिसतो. म्हणून खरं कुठेतरी मधे असेल, पण माझ्या मते १.२ च्या बऱ्याच जवळ.

पामबीच
एक शंका. बर्मिंगहॅमचा २००६ चा अभ्यास होता ना, गाठ असलेल्या दीड हजार लोकांचा? टीएसएच जितका वर तितकी गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता जास्त, अगदी नॉर्मल रेंजमध्येसुद्धा. हाशिमोटोत तर टीएसएच चढतोच. मग संबंध तिथून नाही का लागत?

काचपट्टी
लागतो, आणि हा मुद्दा मला अँटीबॉडीपेक्षा जास्त पटतो. टीएसएच हा थायरॉईडच्या पेशींना वाढ म्हणून सांगणारा हॉर्मोन आहे. तो वर्षानुवर्षं चढा राहिला तर आधीच बिघडलेल्या पेशीला खतपाणी मिळतं. पण तो चढा का राहतो? गोळी वेळेवर घेतली नाही म्हणून. इटलीतल्या अभ्यासांत गोळी घेऊन टीएसएच खाली असलेल्यांत कॅन्सरचं प्रमाण कमी दिसलं. सतत सुजलेल्या ऊतीत जीन्स बिघडतात अशीही एक मांडणी आहे, आरईटी-पीटीसी नावाचा बदल हाशिमोटोच्या ग्रंथींत सापडल्याचं काहींनी लिहिलं, काहींना तो सापडला नाही. त्यावर मी घर बांधणार नाही.

सानपाडा एक्स्प्रेस
म्हणजे त्या गोळीनेच कॅन्सर होतो हा जो फॉरवर्ड फिरतोय तो बरोबर उलटा आहे!

काचपट्टी
बरोबर उलटा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्धा-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. आपल्याकडच्या बायका थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकाच घोटात गिळतात आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसतात.

टीकाराम
ते सगळं ठीक. पण एवढ्या सोनोग्राफ्या केल्या नसत्या तर ही गाठ कुणाला कळली असती? आणि न कळून काय बिघडलं असतं?

काचपट्टी
टीकाराम, धंदा वगैरे सोडून दिलं तर तुमचा हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईडची सोनोग्राफी तिच्यात नव्हती, पण हॉस्पिटलांनी ती थोड्या पैशांत बरोबर देऊ केली. लोकांनी करून घेतली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांच्या ग्रंथी गेल्या, जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज बसला, काहींचं कॅल्शियम कायमचं उतरलं. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी उघड बोलायला सुरुवात केली आणि लगोलग ऑपरेशनांची संख्या साधारण एक तृतीयांशाने घसरली. याला साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. आपल्याकडे केरळातही हे आकडे असेच चढले आहेत.

फिनलंडमध्ये १९८५ साली १०१ मृतदेहांच्या ग्रंथी बारीक काप घेऊन तपासल्या होत्या. इतर कारणांनी मेलेली माणसं ती. ३५.६ टक्क्यांत पॅपिलरी कॅन्सरचे बारके ठिपके सापडले. त्या ठिपक्यांनी त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. म्हणून कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून १० मिमीपर्यंतचे पॅपिलरी कॅन्सर, जागा धोक्याची नसेल तर, न कापता नुसते बघत राहतात. सुईने कॅन्सर सिद्ध झालेला असताना, हं! बाराशेहून जास्त रुग्णांचं त्यांनी मांडलं, तेव्हा दहा वर्षांत ३ मिमी किंवा जास्त वाढलेले ८ टक्के आणि लिम्फच्या गाठीत गेलेले ३.८ टक्के. ज्यांचं वाढलं त्यांचं ऑपरेशन तेव्हा केलं आणि त्यांचंही चांगलं झालं.

हाशिमोटोवाल्यांची सोनोग्राफी जास्त होते, कारण ते सतत डॉक्टरांच्या नजरेखाली असतात. जास्त बघाल तर जास्त दिसेल. संबंधाचा एक भाग नुसता एवढाच आहे.

टीकाराम
हे मात्र मानलं.

वाशीकर आत्याबाईचा भाचा
सगळे निवांत झालात म्हणून एक गोष्ट सांगतो. आत्याला हाशिमोटो जुनं, वय सत्तरीचं. गळा थोडा सुजलेला असायचाच, त्याची सगळ्यांना सवय. गणपतीत आम्ही गेलो तेव्हा तिच्या ब्लाउजचं गळ्याजवळचं हूक लागत नव्हतं. दिवाळीला आवाज घोगरा आणि भाकरी गिळताना ठसका. फॅमिली डॉक्टर म्हणाले थायरॉईडच आहे, जुनंच आहे, डोस वाढवू. सुई केली तर रिपोर्ट आला हाशिमोटो. शेवटी दुसऱ्या ठिकाणी एकाने जाड सुईची बायोप्सी केली, तेव्हा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटांचा कॅन्सर, निघाला. केमो सुरू झाल्यावर पहिल्या सायकलमध्येच गळा अर्धा उतरला, डोळ्यांदेखत. आज ती बरी आहे, पण मधले आठवडे फुकट गेले त्याचा राग अजून जात नाही.

काचपट्टी
ही पोस्ट कुणीही स्क्रोल करून पुढे जाऊ नका.

पॅपिलरीबद्दल साठ-सत्तर वर्षं वाद आहे, लिम्फोमाबद्दल नाही. थायरॉईडचा लिम्फोमा जवळजवळ नेहमी हाशिमोटोच्या ग्रंथीतच उगवतो आणि हाशिमोटो असलेल्यांना त्याचा धोका इतरांच्या ६० ते ८० पट असल्याचं छापलं जातं. आकडा भयंकर वाटतो, पण मुळात हा कॅन्सर इतका दुर्मीळ की थायरॉईडच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आहे. दुर्मिळाचे ८० पट केले तरी दुर्मीळच राहतं. बहुतेक साठी उलटलेल्या बायका.

त्याची खूण आत्यांनी दाखवली तीच. वर्षानुवर्षं तशीच असलेली ग्रंथी काही आठवड्यांत फुगते. आवाज बदलतो, गिळायला, आडवं पडल्यावर श्वास घ्यायला त्रास होतो. आणि साधी सुई इथे फसते, कारण हाशिमोटोत लिम्फोसाइट असतातच आणि लिम्फोमातही लिम्फोसाइटच. नुसत्या पेशी बघून कोणते बरे आणि कोणते वाईट हे कायम सांगता येत नाही. ऊतीचा तुकडा लागतो, म्हणजे कोअर बायोप्सी, आणि त्यावर मार्करच्या तपासण्या. बरं म्हणजे एवढंच की बहुतेकांना यात ग्रंथी काढावी लागत नाही, केमो आणि गरज पडली तर रेडिएशन.

चेंदणीकर
माझी मुलगी तेरा वर्षांची, तिलाही हाशिमोटो. तिच्यासाठी वेगळं काही?

काचपट्टी
मुलांत गाठी कमी होतात, पण झाली तर ती कॅन्सरची निघण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा बरंच जास्त. म्हणून मुलांची गाठ हाताला लागली किंवा ग्रंथी एका बाजूला जास्त सुजली तर सोनोग्राफी टाळू नका आणि मोठ्यांचे मिलिमीटरचे नियम तिला लावू नका. गाठ नसेल तर नुसत्या अँटीबॉडीसाठी काही करायचं नाही. अँटी टीपीओ दर तीन महिन्यांनी करून आकडा खाली आला का बघणं तर कुणीच करू नका. एकदा पॉझिटिव्ह आली, निदान झालं, संपलं.

निसर्गोपचार सखी
ग्लूटेन बंद करा आणि सेलेनियम घ्या, सहा महिन्यांत गाठ विरघळते. माझ्याकडे पावडर आहे, संपर्कासाठी

संपादक
जाहिरातीचा उरलेला भाग उडवला आहे.

सानपाडा एक्स्प्रेस
ग्रेव्ह्जवाल्यांचं काय? माझं हायपर आहे, म्हणजे थायरॉईड जास्त चालतं, ऑटोइम्यूनच ना तेही.

काचपट्टी
ऑटोइम्यूनच, पण तिथल्या अँटीबॉडी टीएसएचची नक्कल करून ग्रंथीला पळवतात. गाठ असेल तर स्कॅनमध्ये ती आयोडीन घेते की नाही हे बघतात. न घेणाऱ्या, म्हणजे कोल्ड, गाठीची तपासणी सुईने करतात. ग्रेव्ह्ज आहे म्हणून गाठीला सूट नाही.

कोपरखैरण्याचा कोंबडा
मी दोन्हीचा मालक आहे. हाशिमोटो होतं, त्यात पॅपिलरी निघाला, पूर्ण ग्रंथी गेली, त्यानंतर रेडिओआयोडीन, म्हणजे उरलेल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन. पुरुष असल्यामुळे कुणाला आधी थायरॉईड सुचलंच नाही, बायकोचा आजार समजतात लोक.

आयोडीन घेण्याआधी आयोडीनयुक्त मीठ, मासे, दूध बंद होतं. आगरी माणसाला मासे बंद, ही खरी शिक्षा. डोस घेतल्यावर शिसं लावलेल्या खोलीत एकटा. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं की हे आयोडीन वाशीच्या ब्रिटकडून, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या संस्थेकडून, येतं, तेव्हा हसू आलं. माझ्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावरून निघालेलं औषध मी मुंबईत जाऊन घेत होतो! आठ दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही.

दोन गोष्टी मला आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. एक चांगली : हाशिमोटोबरोबर आलेला पॅपिलरी कमी पसरतो आणि परत येण्याचं प्रमाणही कमी, असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसरी कटकटीची : ऑपरेशननंतर दरवेळी थायरोग्लोब्युलिन नावाची तपासणी करतात, थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन, ते शून्याजवळ हवं. माझं पहिल्यापासून शून्याजवळ. मी पेढे वाटणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, थांबा.

काचपट्टी
थांबायचं कारण सांगते. हाशिमोटोवाल्यांच्या रक्तात बरेचदा थायरोग्लोब्युलिनविरुद्ध अँटीबॉडी असते, ती त्या तपासणीत आडवी येते आणि आकडा खोटा कमी दाखवते. म्हणून ती अँटीबॉडी, अँटी टीजी, प्रत्येक वेळी बरोबर मोजायची आणि एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने. ग्रंथी गेल्यावर ती अँटीबॉडी वर्ष-दोन वर्षांत हळूहळू उतरायला हवी. उतरत असेल तर छान. थांबून पुन्हा चढायला लागली तर मानेची सोनोग्राफी. ज्यांनी नुसता थायरोग्लोब्युलिनचा रिपोर्ट बघून निश्वास टाकलाय, त्यांनी फाईल काढून खालची ओळ वाचा.

आणि कमी पसरतो हे बरोबर आहे, बऱ्याच अभ्यासांत आलंय. गाठी लहान सापडतात, बीआरएएफ नावाचा वाईट बदल कमी आढळतो. ते लिम्फोसाइट कॅन्सरलाही चावत असावेत असा कयास आहे. अर्थात, हे लोक लवकर तपासले जातात म्हणूनही निकाल बरा दिसत असेल.

कोपरखैरण्याचा कोंबडा
माझी उतरतेय. पेढे बाकी आहेत.

मोगरा ठाणेकर
अपडेट. ताई आणि मी दोघी जाऊन वाशीच्या डॉक्टरांशीच परत बोललो. ते म्हणाले, नियमाने थांबता येईल, पण तुमची झोप उडत असेल तर सुई करायला माझी हरकत नाही. ताईने सुई निवडली. सोनोग्राफीखालीच केली, रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक सुई, दोन-तीनदा आतबाहेर, संपलं. ताई म्हणाली दाताच्या डॉक्टरकडे जास्त दुखतं. रिपोर्ट : बेथेस्डा (सुईच्या रिपोर्टाची पायरी) २, लिम्फोसायटिक थायरॉयडायटिस. पण त्यात हर्थल सेल्स असा शब्द आहे आणि चुलतभाऊंनी त्यावरून हर्थल सेल कॅन्सर शोधून पाठवलाय.

काचपट्टी
हे चुलतभाऊ रिकामे असतात का हो?

हर्थल पेशी हाशिमोटोत असतातच. काचेवर रंगवल्यावर त्या ओळखायला सोप्या : मोठी, भरदार पेशी, आत गुलाबी दाणेदार पसारा, मधोमध ठळक केंद्रक. आजूबाजूला लिम्फोसाइटांची गर्दी, काही तर पेशींच्या घोळक्यातच घुसलेले. असं चित्र दिसलं की आम्ही हाशिमोटो लिहून मोकळे. हर्थल ट्यूमरचा संशय येतो तो काचेवर फक्त याच पेशी असतील आणि लिम्फोसाइट औषधालाही नसतील तेव्हा. पॅपिलरीत बघायचं असतं केंद्रक : कॉफीच्या बीसारखी मधून खाच, फिकट पोत, कधी आत गोल पोकळीसारखं काही. अडचण अशी की हाशिमोटोच्या चिडलेल्या पेशीतही एखादी खाच दिसते. मग प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट बेथेस्डा ३ लिहितो, म्हणजे ठाम सांगता येत नाही. हाशिमोटोवाल्यांना हा शिक्का जास्त बसतो. कुणाला तो बसला असेल तर लगेच ऑपरेशन थिएटर गाठू नका, पुन्हा सुई किंवा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून काचा वाचून घेणं हा मार्ग असतो. काचा तुमच्या मालकीच्या असतात, मागून घ्या.

ताईंचा २ आहे. म्हणजे साधी गाठ, चुकण्याची शक्यता सरासरी चार टक्क्यांच्या आसपास धरतात.

मोगरा ठाणेकर
मावशी, ताई रडली आणि मग जेवली. शेवटचा एक प्रश्न. शेजारणीने सांगितलं की आयोडीनमुळे हाशिमोटो होतं, म्हणून घरात सैंधव आणलंय. चालेल ना? आणि केस गळतात म्हणून ती बायोटिन घेते, ते चालू ठेवू का?

काचपट्टी
आयोडीन फार झालं तर ज्यांच्यात मुळात कल आहे त्यांच्यात ऑटोइम्यून आजार डोकं वर काढतो, एवढं शेजारणीचं बरोबर. पण ते केल्प या समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब वगैरेंना लागू. जेवणातलं मीठ त्यात येत नाही. आपल्याकडे १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करावा लागला, कारण आयोडीन नव्हतं म्हणून गळे लोंबत होते आणि मुलं मंद जन्मत होती. घरात मुलगा आहे, उद्या सून येईल, तिचं बाळंतपण येईल. सैंधव उपासाला ठेवा, रोजच्या डब्यात नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ असू द्या.

बायोटिन जास्त डोसचं असेल तर टीएसएचच्या तपासणीत घोटाळा होतो, बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटा कमी येतो. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगा आणि लॅबवाल्याला कळवा.

पुढची सोनोग्राफी वर्ष ते दोन वर्षांत. शक्यतो त्याच सेंटरला करा आणि जुन्या फिल्म घेऊन जा. ११ ची १२ झाली तर ती वाढ धरत नाहीत, मोजणाऱ्याचा हात बदलला तरी एवढा फरक पडतो. दोन बाजूंनी २० टक्के आणि निदान २ मिमी वाढ, किंवा एकूण आकारमानात निम्म्याहून जास्त वाढ झाली तरच पुन्हा सुईचा विचार. आणि लक्षणं नवीन दिसली तर मिलिमीटर न बघता.

घोडबंदरी
मावशी, माझ्याही रिपोर्टात टायरॅड्स ३ आहे, १८ मिमी. उद्या टाइप करून टाकते, बघाल का?

काचपट्टी
टाका. नाव, फोन खोडून टाका आधी. १८ ला नजर ठेवायची, सुई २५ पासून, असा त्या पायरीचा नियम आहे, पण पूर्ण रिपोर्ट बघितल्याशिवाय बोलणार नाही.